कारखान्याचा गाळ

ब्राझीलच्या दक्षिणेला, गुआईबाच्या विस्तीर्ण पाण्याकाठी पोर्तो आलेग्रे हे शहर आहे. १९७२ मध्ये पलीकडच्या काठावर एका नॉर्वेजियन कंपनीचा कागदाच्या लगद्याचा कारखाना सुरू झाला. लाकडाच्या ढलप्या कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडमध्ये शिजवल्या की लगदा सुटतो, आणि सोबत गंधकाचे वायूही. वारा फिरला की शहरभर सडक्या अंड्यांसारखा वास पसरायचा आणि सांडपाणी थेट गुआईबात जायचे. पिण्याचे पाणीही शहर तिथूनच घेत होते.

या कारखान्याविरुद्ध लोकांना उभे करणाऱ्यांत पुढे होते जोझे लुत्झेनबर्गर. रसायनांच्या बाजूने कसे बोलतात, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. मातीचा अभ्यास केलेले हे कृषितज्ज्ञ १९५७ पासून बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीच्या नोकरीत होते. व्हेनेझुएला, मोरोक्को अशा देशांत त्यांनी खतांचा सल्लागार म्हणून काम केले. पगार उत्तम, मान मोठा. पण कंपनी कीटकनाशकांच्या धंद्यात खोल शिरत गेली, तसे त्यांचे मन उठले. चाळिशी उलटलेली, घरी बायको आणि लहान मुली, तरीही १९७० मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ते आपल्या गावी, पोर्तो आलेग्रेला परतले. पुढच्याच वर्षी त्यांनी सहकाऱ्यांबरोबर ‘आगापान’ ही पर्यावरण संघटना काढली.

शेतकऱ्यांना ते सांगत, की कीड धडधाकट रोपाला सहसा लागत नाही. खताचा आणि फवाऱ्याचा मारा झाला की झाडाच्या रसात अमिनो आम्ले आणि साखर साचते, आणि किडीला आयते जेवण मिळते. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रान्सिस शाबूसू यांचा हा सिद्धांत त्यांनी बांधाबांधावर नेला. म्हणून किडीच्या मागे लागण्याआधी मातीकडे बघा, असा त्यांचा आग्रह. १९८२ मध्ये रिओ ग्रांदे दो सुल या त्यांच्या राज्याने कायदा केला, की जे कीटकनाशक मूळ देशात विकायला परवानगी नाही, ते इथेही विकायचे नाही. त्यामागे या चळवळीची वर्षानुवर्षांची मेहनत होती.

कारखान्याचे काय झाले? १९७३ च्या अखेरीस सरकारने तो काही महिने बंद ठेवला. पुढे यंत्रणा सुधारली, मालक बदलले, वासही पुष्कळ कमी झाला. चळवळ जिंकली म्हणायला हरकत नव्हती. पण लगदा निघत होता तोवर झाडाची साल, राख, चुन्याचा चोथा आणि सांडपाण्याचा गाळ हेही निघतच होते. तो ढिगारा कुठेतरी जाणारच होता.

नव्या व्यवस्थापनाने त्यासाठी विचारले ते लुत्झेनबर्गर यांनाच. त्यांनी होकार दिला. चळवळीतल्या काहींना हे फार खटकले. काल ज्यांच्या दारात निदर्शने केली, त्यांच्याकडून आज कामाचे पैसे घ्यायचे? आक्षेप खोटा नव्हता. अशा पैशाने भल्याभल्यांची तोंडे बंद होतात. यांचे तोंड मात्र बंद झाले नाही, म्हणूनच मला त्यांचा निर्णय पटतो.

त्यांनी त्यासाठी स्वतःची छोटी कंपनी काढली. साल आणि गाळ एकत्र करून लांबच लांब ढीग लावायचे. आत ऊब धरली की उलथायचे, हवा खेळवायची, पुन्हा कुजू द्यायचे. शेवटी हातात येते ते काळेभोर, भुसभुशीत कंपोस्ट. चुन्याचा चोथा तिथल्या आम्लधर्मी जमिनींना सुधारक म्हणून उपयोगी पडला. जो ढिगारा खड्ड्यात पुरला गेला असता, तो शेतात आणि बागांत जाऊ लागला.

१९८८ मध्ये त्यांना ‘राइट लाइव्हलीहुड’ पुरस्कार मिळाला. १९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष कोलोर यांनी त्यांना पर्यावरण खाते दिले. तिथेही ते स्वतःच्याच सरकारमधल्या भ्रष्टाचारावर उघड बोलले आणि १९९२ मध्ये, रिओची वसुंधरा परिषद तोंडावर आली असताना, त्यांचे पद गेले.

मग ते पांतानो ग्रांदे या गावी जास्त रमले. तिथे त्यांनी बेसॉल्टची एक सोडून दिलेली खाण घेतली होती. खडक फोडून झाल्यावर उरलेल्या खड्ड्यांत तळी झाली, भोवती झाडे लावली, गुरे आली, शेती आली, आणि शेतकरी व विद्यार्थी शिकायला येऊ लागले. २००२ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना तिथल्याच मातीत शवपेटीशिवाय पुरले. खाणीवरचे शिक्षण आणि कारखान्याच्या गाळाचे काम, दोन्ही त्यांच्या मुलींनी पुढे चालवले.