एकेक रेघ

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूतांनी यदुराजाला आपले २४ गुरू सांगितले. त्यांतला एक शरकार, म्हणजे बाण घडवणारा कारागीर. बाण करण्यात तो इतका गढून गेला होता की, जवळून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला कळलं नाही. अवधूतांनी त्याच्याकडून एकाग्रता घेतली.

हा शरकार मला फार जवळचा वाटायचा. मी कारखान्यात लेथवर ३४ वर्षं काम केलं. हाताला सफाई होती. अवघड जॉब आला की साहेब माझ्याच मशीनवर पाठवायचे. त्याचा अभिमानही होता.

एकदा माझ्या हाताखाली एक शिकाऊ पोरगा दिला. त्याच्याकडून कापताना हत्यार थरथरायचं, जॉबवर लाटा उमटायच्या. "काका, असं का होतं?" तो विचारायचा. मी म्हणायचो, "डोळे उघडे ठेव, कळेल." आणि त्याला बाजूला सारून जॉब स्वतःच पुरा करायचो. दोन महिन्यांनी पोरगा यायचा बंद झाला. मी म्हटलं, त्याच्या डोक्यातच काही नव्हतं.

शेजारच्या मशीनवरचे गृहस्थ कामाला बेताचेच, पण त्यांच्याकडे पोरं टिकायची. ते पोराला पोलादी पट्टी टेबलाच्या कडेबाहेर लांब धरायला लावत आणि टिचकी मारत. "किती थरथरली बघ. आता आत घे. हत्यारही तसंच, बाहेर कमी काढ." पोरगा आपल्या हाताने हत्यार आत घ्यायचा आणि थरथर थांबायची. मला हे ठाऊक नव्हतं का? होतं. पण एके काळी आपल्यालाही ते येत नव्हतं, हेच मी विसरलो होतो.

निवृत्तीनंतर गुरुचरित्राच्या सप्ताहात एका कथेपाशी अडलो. वेदविद्येचा गर्व असलेले दोन पंडित जयपत्र मागायला आले. श्रीगुरूंनी वाटेने जाणाऱ्या, समाजाने दूर ठेवलेल्या एका माणसाला बोलावलं. जमिनीवर सात रेघा काढवल्या आणि एकेक ओलांडायला सांगितली. सातव्या रेघेपाशी तो वेदज्ञ झाला. ही तर श्रीगुरूंची लीला, तिची बरोबरी कोण करणार? पण माझ्या मनात राहिलं ते एवढंच, की रेघ एकेकच होती, आणि श्रीगुरूंचं लक्ष त्या ओलांडणाऱ्याकडे होतं.

शरकाराने मान वर केली नाही, तरी अवधूत शिकले. कारण शिकणारे अवधूत होते. आपल्यापुढे येतात ती साधी लेकरं. त्यांच्यासाठी आपल्याला मान वर करावी लागते.

परवा नातवाला विचारलं, मोबाईलवरून पैसे कसे पाठवायचे? "द्या इकडे आजोबा," म्हणत त्याने स्वतःच पाठवून टाकले. मला तो पोरगा आठवला. आज तो कुठे असेल, ठाऊक नाही. माफी मागायची राहूनच गेली.

भक्तहो, आरतीची चाल असो, लोणच्याचं प्रमाण असो, की हातातला हुन्नर. या दत्तजयंतीला आपल्याला जे येतं ते कुणाला तरी शिकवायला घ्या. पण त्याच्या हातातलं काढून घेऊ नका. एक रेघ ओढा, आणि तो ती ओलांडेपर्यंत थांबा.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥