ताण आणि बहार

फेब्रुवारी संपत आला की नशिराबादहून भुसावळकडे जाताना बांधांवरचे आणि माळावरचे पळस पेटतात. अंगावर पान नाही, खाली गवत वाळून पिवळे पडलेले, विहिरींचे पाणी खाली गेलेले, आणि नेमक्या त्याच वेळी हे झाड फुलांनी भरून जाते. दहावीची परीक्षाही त्याच दिवसांत येते. त्यामुळे आम्ही मास्तर लोक मुलांना पळस दाखवून सांगतो, बघा, याला म्हणतात सब्र. पाणी नाही म्हणून हा रडत बसला नाही. हा धडा आम्ही कित्येक वर्षे दिला. 2025 सालच्या रमजाननंतर तो आम्हाला तसा देता येईनासा झाला.

त्या साली रमजान मार्चमध्ये आला होता. सहावीच्या वर्गातला एक मुलगा सकाळच्या परिपाठात चक्कर येऊन खाली बसला. रोजा असेल असे समजून आम्ही त्याला सावलीत निजवले. पाणी देऊ का विचारले, तर त्याने मानेनेच नको म्हटले. आम्ही वर्गात जाऊन त्याचे कौतुक केले. एवढासा मुलगा, पण सब्र पाहा, असे म्हणालो. दोन दिवस तो शाळेत आला नाही, म्हणून घरी गेलो. त्याची आई दाराआडून म्हणाली, "सर, उसका रोजा नहीं था. रात से घर में कुछ पकाच नहीं था." बापाचे काम बरेच दिवस बंद होते. शाळेत खिचडी शिजत होती. पण बहुतेक वर्ग रोजाने असताना एकट्याने ताट घेऊन बसायची त्याला शरम वाटली. आमच्या शाबासकीनंतर तर तोही रस्ता बंद झाला.

तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मागे लागला आहे. कष्टाने, ताणाने माणूस फुलतो असे आपण सहज म्हणतो. ते कितपत खरे आहे? आणि खरे असले, तरी दुसऱ्याला ताण देण्याचा किंवा दुसऱ्याच्या ताणाचे कौतुक करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? उत्तर शोधायला आम्ही पुन्हा झाडांकडेच गेलो, कारण चुकीचा धडा आम्ही तिथूनच घेतला होता.

खानदेशात पाऊस वर्षाला सुमारे 700 मिलिमीटर, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. अशा मुलखात प्रत्येक झाडाने आपापले वेळापत्रक बांधले आहे. पळस, काटेसावर, पांगारा आधी पाने गाळतात आणि उघड्या फांद्यांवर फुलतात. पाने नसल्याने फूल लांबून दिसते, पाखरे येतात, परागीभवन होते. पळसाच्या शेंगा मे-जूनपर्यंत तयार होतात आणि बी पडते ते पावसाच्या तोंडावर. साग आणि सातपुड्यातला अंजन हेही पानगळीचेच, पण ते भर पावसाळ्यात, अंगावर पाने असताना फुलतात. अंजनाच्या चपट्या शेंगा मात्र उन्हाळ्यात वाऱ्यावर निघतात, आणि चांगले बी तर त्याला काही वर्षांच्या अंतरानेच धरते. सदाहरित जांभूळ उन्हाळ्यात फुलते आणि मृगाच्या सुमारास पिकते. चिंच पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलते, तिचे फळ पिकायला पुढचे वर्ष उजाडते. बोर पावसाळ्याच्या शेवटी फुलून थंडीत मुलांच्या खिशात येते.

आता पळसाचा ताण नीट पाहू. तो पाने गाळतो ती चार महिने पोटभर खाल्ल्यानंतर. पावसाळ्यात पानांनी जे कमावले ते खोडात आणि मुळांत साठवलेले असते, मुळे खोलवर ओलाव्यापर्यंत गेलेली असतात. पाने गळाल्याने पाण्याचा खर्चही थांबतो. म्हणजे त्याचे पानगळणे ही उपासमार नव्हे, जमाखर्च पाहून केलेली काटकसर आहे. शिवाय हे मोठ्या झाडाचे झाले. पळसाचे रोप फुलत नाही. माळावरच्या अशा रोपांचा शेंडा उन्हाळ्यात वाळतो, पाऊस आला की ती मुळापासून पुन्हा फुटतात, आणि अशी कित्येक वर्षे आधी मूळ घट्ट करण्यात जातात. ज्यांचे मूळ धरले नाही ती रोपे मरून जातात. फुललेला पळस रस्त्यावरून दिसतो, मेलेली रोपे कोणाला दिसत नाहीत. "आम्ही कंदिलाच्या उजेडात शिकलो, आमचे काय बिघडले?" असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना नम्रपणे हेच सांगावेसे वाटते की आपण फुललेले पळस आहात. आपल्याबरोबर त्या कंदिलापाशी बसलेले बाकीचे कुठे गेले, त्यांचीही गिनती व्हायला हवी.

दुसरे झाड लिंबाचे, म्हणजे कागदी लिंबाचे. ते सदाहरित, आणि पाणी मिळत राहिले तर थोडेथोडे वर्षभर फुलणारे. एकदम भरपूर फळ हवे असेल तर बागायतदार त्याचे पाणी तोडतो. याला ताण देणे म्हणतात. हलक्या जमिनीत महिना-दीड महिना, भारी काळ्या जमिनीत त्याहून जास्त. काही पाने पिवळी पडून गळू लागली की खत घालून आधी हलके पाणी देतात आणि मग झाड फुलांनी लदते. जानेवारी-फेब्रुवारीतला तो आंबे बहार, जून-जुलैतला मृग बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरातला हस्त बहार. मृग आणि हस्त ही नक्षत्रे, बहार हा फारसी शब्द. आमच्या शेतकऱ्याच्या तोंडात दोन्ही एकत्र नांदतात.

म्हणजे इथे तर दुसऱ्याने दिलेल्या ताणानेच फूल आले! आमच्या विरुद्ध हा भक्कम पुरावा आहे. पण बागायतदाराला विचारा. तो तीन गोष्टी सांगेल. लहान, रोगट किंवा अशक्त झाडाला ताण द्यायचा नाही. ताण कधी संपवायचा हे रोज झाडाकडे बघून ठरवायचे, एक आठवडा चुकला तर फांद्या वाळतात. आणि ताण तोडायला विहिरीत पाणी शिल्लक आहे याची आधी खात्री करायची. ज्याच्याकडे पाणी नाही त्याने ताण दिला, तर त्याला बहार धरणे म्हणत नाहीत, बाग मारणे म्हणतात. आणि एवढे करूनही फळ मालकाचेच होते, ही गोष्ट राहतेच.

मग ताण नकोच का? आमच्या जिल्ह्याची केळी बघा. मृगबाग असो की कांदेबाग, तिला पाणी एक दिवस चुकू देत नाहीत. तिला फुलायला ऋतू लागत नाही, वय भरले की घड येतो. पण जूनच्या आधी वादळ सुटले की उभी बाग एका रात्रीत आडवी होते. ज्या मुलांना घरात कधी नाही हा शब्द ऐकावा लागला नाही, त्यांचे पहिल्या अपयशात काय होते ते शिक्षकांना ठाऊक आहे. तेव्हा ताण वाईट असे आमचे म्हणणे नाही. तो कोणाला, किती आणि कोणाच्या जबाबदारीवर, हा प्रश्न आहे.

या कसोटीवर रोजा तपासला तेव्हा आम्हाला त्याचा अर्थ नव्याने लागला. रोज्याला सहेरी आहे, म्हणजे आधी साठा आहे. मगरिबची अजान आहे, म्हणजे शेवट ठरलेला आहे. आजारी आणि मुसाफिराला सवलत आहे, राहिलेले रोजे दुसऱ्या दिवसांत पुरे करता येतात. लहान मुलावर तो फर्ज नाही. आणि महिना संपताना ईदच्या नमाजाआधी फित्रा द्यायचा, म्हणजे या बहाराचे फळ आधी गरिबाच्या घरी जायचे. त्या मुलाच्या भुकेला यातले काय होते? सहेरी नव्हती, अजान झाल्यावर काही मिळेल याची खात्री नव्हती, आणि नियत तर त्याची नव्हतीच. दोघांचे ओठ सारखेच सुकलेले होते, एवढ्यावरून आम्ही भुकेला इबादत समजलो.

वरून बघून निकाल देण्याची ही सवय मोठी जुनी आहे. एप्रिलमधला आमचा माळ बघून बाहेरचा माणूस म्हणतो, जंगल तोडून ओसाड पडलेली जमीन आहे. सरकारी नोंदींतही असे माळ बऱ्याचदा पडीक ठरतात. 2025 साली आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी पश्चिम महाराष्ट्राबद्दलचे तेराव्या शतकापासूनचे जुने मराठी साहित्य चाळून त्यातली झाडे शोधली, तर बहुतेक झाडे गवताळ माळरानाचीच निघाली. म्हणजे असा माळ हे उजाड झालेले रान नव्हे, शेकडो वर्षांचे नांदते घर आहे. तिथे सुकलेपणाला आपण दारिद्र्य म्हणतो, आणि वर्गात दारिद्र्याला सब्र म्हणतो. चूक एकच, मुळाशी काय आहे ते विचारले नाही.

सब्र हा ज्याचा त्याने स्वतःसाठी वापरायचा शब्द आहे असे आता आम्हाला वाटते. स्वतःच्या दुःखात माणूस सब्र करील तर ती त्याची थोरवी. दुसऱ्याच्या भुकेसमोर उभे राहून आपण तो शब्द उच्चारला, तर ती बहुधा आपली सुटका असते.

तो मुलगा आता पुढच्या वर्गात आहे. त्याच्याकडे आम्ही माफी मागितली तेव्हा तो नुसता हसला, काही बोलला नाही. आम्ही वर्गात रोजा कोणाचा आहे आणि कोणाचा नाही हे विचारणे बंद केले आहे. खिचडीची ताटे मागच्या खोलीत मांडली जातात, जो येईल त्याने जेवावे, कोणी बघत नाही. आणि सकाळी कोणाचा चेहरा उतरलेला दिसला, तर पळसाची गोष्ट सांगण्याआधी आम्ही त्याला बाजूला घेऊन विचारतो, रात्री काय जेवलास?