उद्या सोडून जातो म्हणाला तर?

महिनाअखेरीला पुण्या-मुंबईत बिऱ्हाडं हलतात. जुन्या घराचा करार संपलेला, नव्या घराची किल्ली हातात आलेली, आणि सगळ्यांनाच शनिवार-रविवार हवा असतो. दोन टेंपो आणि पाच-सहा कायमची माणसं असलेल्या छोट्या पॅकर्स-मूव्हर्सवाल्याकडे त्या दिवसांत पेलणार नाही इतकं काम येतं. मग तो मुकादमाला फोन लावतो, ‘आठ पोरं पाठव.’ पोरं येतात. सामानाला लिफ्ट द्यायची नाही असा सोसायटीचा नियम असला, तर फ्रीज आणि कपाटं पाठीवरून पाच जिने उतरतात. रात्री मालक मुकादमाच्या मोबाइलवर सगळ्यांचे पैसे एकदम टाकतो. त्या आठ जणांतल्या एकाचंही नाव त्याला ठाऊक नसतं.

वेठबिगारी म्हटलं की आपल्याला वीटभट्टी आठवते, ऊसतोडीच्या टोळ्या आठवतात. आपल्या दारात उभ्या असलेल्या टेंपोकडे आपण त्या नजरेने पाहत नाही. पण उचल तिथेही असते. घरी कुणाचं आजारपण निघतं, बहिणीचं लग्न ठरतं, आणि गावाकडून आलेला मुलगा मुकादमाकडून पैसे घेतो. घेण्यात काही चूक नाही, अडल्या वेळी देणाऱ्याचे उपकारच वाटतात. पुढचा हिशेब मात्र मुकादमाच्या वहीत होतो. राहण्याचे, जेवणाचे, खाड्याचे पैसे त्यात चढतात. या धंद्यात आणखी एक खातं असतं, मोडतोडीचं. टीव्हीची काच तडकली, आरसा फुटला, की ग्राहक मालकाचे पैसे अडवतो, मालक मुकादमाचे कापतो आणि मुकादम ती रक्कम मुलाच्या अंगावर मांडतो. दिवसभर राबूनही संध्याकाळी देणं सकाळपेक्षा जास्त, असं घडू शकतं. ‘आधार कार्ड माझ्याकडे राहू दे, हरवशील’ हे वाक्य साधारण याच सुमारास येतं.

आपला कायदा याबाबत आश्चर्य वाटावं इतका स्पष्ट आहे. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ सालचा. घेतलेल्या पैशांपायी माणसाने काम सोडून दुसरीकडे जायची किंवा मोकळेपणाने हिंडायची मुभा गमावली, तर ती वेठबिगारी, असं तो सांगतो. साखळदंड लागत नाही, मारहाणही लागत नाही. १९८२ साली दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी त्यापुढचं पाऊल टाकलं. किमान वेतनाहून कमी पैशांत कुणी राबत असेल तर ते गरजेने लादलेलं काम आहे आणि संविधानाच्या २३व्या अनुच्छेदाने तेही निषिद्ध ठरतं, असा तो निर्णय आहे. ‘तो स्वतःच्या मर्जीने आला होता’ या उत्तराला त्यानंतर फारसा अर्थ उरलेला नाही.

म्हणून छोट्या मालकाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा असं मला मनापासून वाटतं. हा मुलगा उद्या सोडून जातो म्हणाला, तर काय होईल? ‘जाईल, दुसरा येईल’ असं उत्तर आलं तर ठीक. पण ‘मुकादम जाऊ देणार नाही’, ‘त्याचं कार्ड अडकलंय’, ‘हिशेब पुरा झाल्याशिवाय कसा जाईल’ यांपैकी काही मनात आलं, तर आपल्या टेंपोवर वेठबिगार चढलेला असण्याची शक्यता आहे, आणि ती तपासल्याशिवाय दुसऱ्या दिवशीचं काम घेऊ नये.

मोठ्या कंपन्यांना हा प्रश्न कागदावर विचारावा लागतो. ब्रिटनमध्ये २०१५च्या कायद्याने वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंड आणि त्याहून अधिक उलाढाल असलेल्यांना दरवर्षी तसं निवेदन काढावं लागतं. दोन टेंपोवाला अशा कुठल्याही मर्यादेच्या फार खाली राहतो. पण त्याच्याकडे एक गोष्ट आहे जी त्या कंपन्यांकडे नाही : त्याला माणसं रोज समोर दिसतात. नाव विचारता येतं. मुख्य म्हणजे मजुरी ज्याची त्याच्या हातात किंवा त्याच्याच खात्यात देता येते. इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्स भागात पोलंडहून आणलेल्या चारशेहून अधिक लोकांना राबवणाऱ्या टोळीला २०१९ साली शिक्षा झाली. ती माणसं शेतांवर, कारखान्यांत उजळ माथ्याने कामाला जात होती. त्यांची मजुरी मात्र टोळीच्या ताब्यातल्या बँक खात्यांत जमा व्हायची. पगाराचा रस्ता कुणी तरी पाहिला असता, तर त्यांतली कित्येक लवकर सुटली असती. आपल्याकडे हे माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीने फार आधी ओळखलं होतं. १९६९च्या माथाडी कायद्यात मालक मजुरी माथाडी मंडळाकडे भरतो आणि मंडळ ती नोंदलेल्या कामगाराला देतं. मधला हात त्यात राहतच नाही. रोजावर टेंपोत चढवलेल्या मुलाचं नाव मात्र पुष्कळदा कुठल्याच नोंदवहीत नसतं.

मोडतोडीचा भारही मालकाला मुलाच्या अंगावरून काढता येतो. सामानाचा विमा काढावा, त्याचा खर्च ग्राहकाला सांगून भाड्यात धरावा. ग्राहक कुरकुरेल, शेजारचा टेंपोवाला दोन हजारांनी स्वस्त आहे म्हणेल. ते दोन हजार कुणाच्या पाठीवरून वाचतात हे आपण, घर हलवणाऱ्यांनीही, एकदा विचारायला हवं.

आणि संशय खरा निघाला तर? मालकाला सुचणारा सोपा मार्ग म्हणजे मुकादमाला हाकलणं. त्याने मालक सुटतो. मुलगा मुकादमाबरोबर दुसऱ्या गोदामात जातो, बहुधा आणखी वाईट ठिकाणी. म्हणून खबर जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांपर्यंत जायला हवी. या कायद्याखाली जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या असतात, आणि चौकशीअंती मुलाला मुक्ती प्रमाणपत्र मिळतं. केंद्राच्या २०२१च्या योजनेनुसार ३०,००० रुपयांपर्यंतची तातडीची मदत मिळू शकते, त्यासाठी खटल्याच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. त्याच्या अंगावरची उचल तर कायद्यानेच संपलेली असते. मुकादम ती वसूल करायला गावी त्याच्या वडिलांच्या दारात गेला आणि त्याने एक रुपया जरी घेतला, तरी त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे त्या वडिलांना कुणी तरी आधीच कळवायला हवं, कारण ते बहुधा पैसे काढून देतील.