रंध्याचं वय

रंधा किती जुना, हे सुताराला विचारू नये. तो म्हणतो, "आज्याचा." मग कळतं की लाकूड बापानं बदललं, पातं त्यानं स्वतः. तरी रंधा आज्याचाच, आणि ते खोटंही नाही. बलुतं चालू होतं तोवर हत्याराचं वय कुणाला लागत नव्हतं. आता लागतं. गाडीला टायर आले, तिफण लोखंडी झाली, सुताराची हत्यारं माळ्यावर गेली, अन् जुन्या वस्तू गोळा करणारे खेड्यात फिरू लागले.

ही माणसं जाणकार असतात, हे कबूल केलं पाहिजे. एकानं माझ्या ओसरीवर बसून मला पुष्कळ शिकवलं. लाकडी रंध्याची पाचर काढून पातं बघायचं. धारेकडं जाड अन् वर पातळ होत गेलेलं असेल तर जुन्या घडणीचं. धारेच्या उतारावर दोन छटा दिसल्या तर मऊ लोखंडाला पोलादाची पट्टी जोडलेली. लोखंडी रंधा असला तर पातं उतरवून आतलं बूड वाचायचं. अमेरिकेच्या स्टॅनले कंपनीच्या रंध्यावर तिथं पेटंटच्या तारखा ओतलेल्या असतात. १९०२ च्या दोन अन् १९१० ची एक, अशा तीन दिसल्या तर तो १९१० नंतरचा, साधारण पहिलं महायुद्ध संपेपर्यंतचा. एकटी १९१० ची असली तर त्याच्याही नंतरचा. पेटंटची तारीख ही रंध्याची जन्मतारीख नव्हे; त्याआधी तो जन्मला नाही, एवढंच ती सांगते. पात्यावर भरवसा ठेवू नये, ते झिजतं, बदलतं.

हे सगळं त्यानं तीन तारखांच्या एका रंध्यावर दाखवलं. तो रंधा त्यानं तासाभरापूर्वी आमच्याच गावातल्या एका म्हातारीकडून भंगाराच्या भावानं घेतला होता, हे मला मागून कळलं. तिचा मालक सुतार होता, तो वारला. पोरगा कोयता घेऊन कारखान्यावर.

आता ही चोरी म्हणायची का? विद्या त्याची, पायपीट त्याची, असं म्हणणारे आहेत. गोळा करणं वाईट, असं मीही म्हणत नाही. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दरवाजे हिंडून जमवले, लहानपणी गेलेल्या राजाच्या नावानं संग्रहालय केलं अन् ते सगळं सरकारच्या हवाली केलं. नाहीतर असल्या वस्तू भट्टीतच जायच्या. आणि गप्प बसणं तर बाजाराला नवं नाही. कापसाचा व्यापारी उद्याचा भाव आपल्याला कुठं सांगतो? पण तिथं मी दुसऱ्या व्यापाऱ्याकडं जाऊ शकतो. म्हातारीला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, अन् तिनं तोंडानं विचारलं होतं, "याची काही किंमत हाय का रं बाबा?" पातं काढून, आत वाचून झाल्यावर तो म्हणाला, "लोखंड आहे, आजी." गप्प बसणं मी समजू शकलो असतो. हे नाही.

तिला पैशाचं काही वाटत नाही. फेरीवाला याहून कमीच देतो, म्हणते. फक्त मागची लाकडी मूठ तिनं मागितली होती, मालकाच्या हातानं गुळगुळीत झालेली. एका आट्याच्या खिळ्यावर असते ती, लगेच निघते. त्यानं दिली नाही.

"लोखंड हाय म्हणला," म्हातारी मला म्हणाली, "मग लाकूड कशाला पाहिजे व्हतं त्याला?"