घास

घास हा शब्द आपण बोलायला लागण्याआधीच ऐकलेला असतो. गॅलरीच्या कठड्याशी उभे राहून, एक चिऊचा आणि एक काऊचा असे म्हणत, कुणीतरी तो आपल्या तोंडात ठेवलेला असतो. आणि पुढे आयुष्यभर ज्या ज्या हातांनी आपल्यावर माया केली ते हात बहुधा घास घेऊनच आपल्याजवळ आलेले असतात. लग्नात नाव घेऊन भरवलेला घास, तापातून उठल्यावर मऊ भाताचा घास, घरातले माणूस गेल्यावर शेजारणीने बळेबळे भरवलेला पिठल्याभाताचा घास. संस्कृत ‘ग्रास’ शब्दाचे हे आपले घरगुती रूप. या शब्दापाशी मी पुष्कळ वर्षे रेंगाळतो आहे. परंतु त्याची गाठ ज्या प्रसंगाने सुटली तो पोथीतला नव्हे, लालबागच्या एका चाळीतल्या खोलीतला आहे.

तिथे माझी मावसबहीण राहते. वय बावन्न. वजन एकशे अठरा किलोवर गेले होते, साखर गोळ्यांनी आटोक्यात येत नव्हती, रात्री झोपेत श्वास अडकून ती दचकून उठून बसे, आणि करी रोडला लोकलमध्ये चढली की बाकावर चौथी जागा रिकामी असली तरी उभी राही, कारण ‘जरा सरका’ म्हटल्यावर समोरच्या बायकांच्या नजरेत काय येते ते तिला पाठ झाले होते. दोन वर्षे विचार करून तिने परळच्या एका रुग्णालयात वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. पाचव्या आठवड्यात तिच्या भाचीच्या बाळाचे उष्टावण होते. मामाच्या मांडीवर सहा महिन्यांचे बाळ, चांदीच्या वाटीत खीर, आणि शेजारी खुर्चीत ही, हातात वरणात अगदी मऊ कुसकरलेला भात. मोठ्या चमच्याने हात घाई करतो म्हणून तिने बाळाच्याच चमच्यासारखा चिमुकला चमचा घेतला होता. बाळाने पहिला घास तोंडात घोळवला, थोडा ओठांवरून बाहेर आला, मामाने उपरण्याच्या टोकाने तो टिपला. इकडे हिने घास तोंडात घेतला, चमचा वाटीत ठेवून दिला, सावकाश चावत राहिली, गिळला, थांबली, मग पुन्हा चमचा उचलला. पाच-सहा चमच्यांनंतर तिने वाटी खाली ठेवली आणि मला म्हणाली, “पोट भरलं म्हणजे नक्की काय होतं, ते मला आत्ता कळतंय रे.” एका खोलीत दोन उष्टावणे चालली होती, आणि घास घ्यायला दोघेही सारखेच नवे होते.

आता सज्जनहो, त्या वाक्याचा अर्थ नीट पाहू. स्लीव्ह म्हणतात त्या शस्त्रक्रियेत दुर्बिणीने जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी मागे ठेवतात; बायपासमध्ये जठराचा लहानसा कप्पा करून तो आतड्याला पुढे जोडतात. पाहणाऱ्याला वाटते, पिशवी लहान केली, संपले. पण स्लीव्हमध्ये जठराचा जो वरचा फुगीर भाग जातो, तिथेच घ्रेलिन नावाचे भुकेचे संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होते. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी ते शोधले. बायपासनंतर तृप्तीचा निरोप मेंदूला देणारी आतड्यातली संप्रेरके बदलतात. म्हणून कित्येकांची साखर वजन फारसे उतरण्याआधीच खाली येते. माझ्या बहिणीची भूक खोटी नव्हती, हावही नव्हती; ‘पुरे’ हा निरोप तिच्यापर्यंत पोचत नव्हता, आणि निरोप न पोचलेल्या माणसाला आपण मात्र आयुष्यभर संयमाचे धडे देत होतो.

घासाचा दुसरा पदर इथेच आहे. ‘ग्रस्’ या धातूपासून ग्रास येतो आणि त्याच धातूपासून ग्रासणेही येते. ग्रहणात चंद्र ग्रासला जातो, रोगाने माणूस ग्रासला जातो. जो घास आपण घेतो तोच कधी आपल्याला घेतो, हे भाषेने फार पूर्वी नोंदवून ठेवले आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल माणसाचे वर्णन आहे, आणि ते वाचताना त्या ऋषीच्या दृष्टीपुढे हात जुळतात. कारणांच्या यादीत गोड, स्निग्ध, दिवसाची झोप, व्यायामाचा अभाव हे तर आहेच, पण शेवटी बीजस्वभाव आहे, म्हणजे आईबापांकडून आलेली देहाची घडण. पुढे ते सांगतात की मेदाने वाटा अडल्यामुळे वायू कोठ्यातच फिरत राहतो, अग्नी पेटवत राहतो, आणि म्हणून स्थूल माणसाला अन्न लवकर पचून पुन्हा पुन्हा खावेसे वाटते. अतिभूक हे केवळ रोगाचे कारण नव्हे, रोगाचे लक्षणही आहे, असे जो वैद्य म्हणू शकतो त्याच्या मनात रुग्णाविषयी तिरस्कार कसा उरेल?

तिरस्कार मात्र आपल्याकडे उरला. या शस्त्रक्रियेला आपण ‘शॉर्टकट’ म्हणतो. ती करून घेतलेली माणसे नातेवाइकांना पित्ताशयाचे ऑपरेशन झाले असे सांगतात. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत ती करून घेतली आणि त्याविषयी मोकळेपणाने सांगितले, तेव्हा पुष्कळ मध्यमवर्गीय घरांत हा विषय पहिल्यांदा जेवणाच्या ताटाशी बोलला गेला असेल. २०१७ मध्ये इजिप्तहून जवळजवळ पाचशे किलो वजनाच्या एका स्त्रीला चर्नी रोड स्थानकासमोरच्या सैफी रुग्णालयात आणले, तेव्हा सगळ्या शहराने तो पलंग, ती क्रेन डोळे भरून पाहिली. पुढे ती अबुधाबीला गेली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात वारली. तिच्या वजनाचा आकडा आपल्या लक्षात राहिला. लहानपणापासून ती कशाने ग्रासली गेली होती, हे विचारायला फार थोडे लोक थांबले.

आणि गिरणगावात तर घासाला आणखी एक इतिहास आहे. परळ-लालबागच्या खोल्यांतून बायका गिरणी कामगारांसाठी खानावळी चालवत; त्यांच्याच संघटनेसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तोंडचा घास जाणे हा वाक्प्रचार इथल्या घराघरांत शब्दशः खरा झाला. माझ्या बहिणीचे वडील त्यातलेच. त्या दिवसांत आईने स्वतःच्या पानातला घास मुलांच्या पानात सरकवला. पुढे बरे दिवस आले तेव्हा त्या आईला मुलांच्या पानात रिकामी जागा पाहवेना. पानात टाकायचे नाही, पातेल्यात उरवायचे नाही, पाहुण्याला दुसऱ्यांदा वाढल्याशिवाय उठू द्यायचे नाही. ही माया आहे, तिला दोष देण्याचे धाडस मी करणार नाही. पण मायेचा घासही मोजावा लागतो, हे त्या पिढीला सांगणार कोण?

मोजण्याचे शास्त्र आपल्याकडे होते. चांद्रायण व्रतात शुक्ल प्रतिपदेला एक घास, मग चंद्राच्या कलेबरोबर एकेक वाढवत पौर्णिमेला पंधरा, मग तसेच उतरत अमावास्येला उपवास. आणि घास केवढा, तर याज्ञवल्क्यस्मृती म्हणते, मोराच्या अंड्याएवढा. धर्मसूत्रांत मुनीला आठ घास, वानप्रस्थाला सोळा, गृहस्थाला बत्तीस सांगितले आहेत, आणि वाढत्या वयाच्या ब्रह्मचाऱ्याला मात्र मोजदाद नाही. या सवलतीत केवढे वात्सल्य आहे! वाग्भट सांगतात, कोठ्याचे दोन भाग अन्नाने भरावेत, एक पाण्याने, आणि चौथा वायूसाठी मोकळा ठेवावा. ज्ञानेश्वर माउलींनीही सहाव्या अध्यायात आहाराला मापाचीच जोड दिली. उपाशी राहा, असे यांपैकी कुणीही म्हणत नाही.

शस्त्रक्रिया हे माप देहाला परत करते, पण ते पाळण्याचे काम माणसाकडेच ठेवते. दोन आठवडे नुसते पातळ, मग वाटलेले, मग मऊ. जेवताना पाणी नाही, पाणी अर्धा तास पुढे किंवा मागे. आधी उसळ, अंडे, मासा, पनीर, आणि जागा उरली तर पोळी. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कंगव्यात केसांचे पुंजके येतात, दंडाखाली कातडी लोंबते, गडबडीत गिळलेला पोळीचा तुकडा छातीत अडकून डोळ्यांत पाणी आणतो. बायपास झालेल्याने गोड जास्त खाल्ले तर घाम, धडधड, घेरी. पहिल्या वर्ष-दीड वर्षात वजन झरझर उतरते. नंतर भूक हळूहळू परत येते, आणि दुर्लक्ष झाले तर वजनही. माझ्या बहिणीचे दोन वर्षांत एकेचाळीस किलो उतरले. साखरेच्या गोळ्या बंद झाल्या, रात्रीची झोप परत आली. चाळीचे तीन जिने ती आता न थांबता चढते, आणि लोकलमध्ये बसते. पण गेल्या गणपतीत सगळे मोदक खायला बसले असताना ती एकटीच स्वयंपाकघरात भांडी आवरत होती, हेही मी पाहिले. घासाबरोबर पंगतही थोडी हातातून सुटते. हे दुःख डॉक्टरांच्या कागदावर नसते.

याच दुःखात तिला घासाचा अखेरचा पदर सापडला असावा. आमच्या गिरगावच्या घरी आजोबा जेवणाच्या आरंभी प्राण, अपान, व्यान, उदान, समान या पाच वायूंना पाच लहान घास देत, प्राणाहुती म्हणून, न चावता, शांतपणे. आम्हा मुलांना तो जेवण लांबवणारा विधी वाटे. आता ही बहीण पहिले पाच घास त्याच नावांनी घेते, फक्त शांतपणे चावून. मी विचारले तर म्हणाली, “पूर्वी पाचवा घास कधी गेला ते कळायचंच नाही. आता पाचही कळतात.” आहुतीत देणारा शुद्धीवर असावा लागतो, एवढीच त्या विधीची अट होती, आणि ती पाळायला तिला बावन्न वर्षे आणि एक शस्त्रक्रिया लागली. मला तर अजून साधलेली नाही.

येत्या श्रावणात, गणपतीत, कुणाच्या बारशाला अशी एखादी व्यक्ती आपल्या घरी येईल, बशीत थोडेसेच घेईल आणि आपण पुढे झालो की पानावर हात आडवा धरेल. त्या वेळी आग्रह करू नका, ‘एवढंच?’ असे विचारू नका, आणि ताट लवकर उचलून तिला पंगतीतून उठवूही नका. तिच्याशेजारी बसून राहा.