बिशप कोलेंझो ह्यांचें चरित्र

दावीद राजाचें चरित्र लिहितांना शास्त्रकर्त्यानें उरीयाचा घात झांकला नाहीं, आणि त्या पापाकरितां दाविदाचा विश्वासहि पुसून टाकला नाहीं. मृताविषयीं खोटी साक्ष न देण्याचा हाच मार्ग होय. दक्षिण आफ्रिकेंतील नातालचे बिशप जॉन विल्यम कोलेंझो (१८१४–१८८३) ह्यांच्या चरित्रासहि आम्ही तोच नियम लावूं.

पंचग्रंथांतील आंकडे व वृत्तांत इतिहास म्हणून टिकत नाहींत, असें त्यांनीं १८६२ पासून ग्रंथ छापून मांडिलें. कित्येक भाविकांस दुःख झालें. तें चरित्रकारानें गाळूं नये. १८६३ त केपटाउनचे बिशप ग्रे ह्यांनीं त्यांस पदच्युत केलें. १८६५ त प्रिव्ही कौन्सिलानें तो निकाल रद्द ठरविला. पण मूळ प्रश्न त्यांचे झुलू साहाय्यक विल्यम न्गिडी ह्यांनीं केला होता: जलप्रलयाची गोष्ट सारी खरी काय? (असा प्रश्न कोणत्या उपदेशकास कोणीं विचारला नाहीं?)

लांगालिबालेले ह्या सरदारास अन्यायानें शिक्षा झाली तेव्हां हेच बिशप, जुने मित्र गमावून, १८७४ त त्याची दाद मागावयास इंग्लंडास गेले. १८७९ त इसांडल्वाना येथें इंग्रज सैन्याचा संहार झाला. तेव्हां त्यांनीं मीखा ६:८ वर उपदेश करून आपल्याच लोकांचा अन्याय त्यांच्यापुढें ठेविला. झुलू त्यांस ‘सोबांटु’, म्हणजे लोकांचा बाप, म्हणत.

त्यांचें चरित्र त्यांचे कैवारी कॉक्स ह्यांनीं १८८८ त प्रसिद्ध केलें. ग्रे ह्यांचें त्यांच्याच पुत्रानें १८७६ त सिद्ध केलें होतें. आम्ही दोन्ही जवळ ठेवूं.