धर्माची गाय

'धर्माची गाय आणि दात का गं नाहीत?' ही म्हण ज्यानं काढली, तो गाय देणाऱ्यांपैकी असावा. फुकट मिळालेल्या वस्तूला नावं ठेवू नयेत, हा तिचा उपदेश. ऐकायला बरा वाटतो. पण मी पडलो कॉमर्सचा पदवीधर, त्यातून बँकेतला कारकून. आमच्या शास्त्रात एका बाजूला जमा पडली की दुसरीकडे नावे काहीतरी पडलंच पाहिजे. नाही पडलं, तर रात्री आठपर्यंत बसून चूक शोधावी लागते.

म्हणूनच घरच्या संगणकावर लिनक्स आल्यापासून मी अस्वस्थ आहे. डेबियन नावाची मंडळी १९९३ पासून हा उद्योग करीत आहेत. २०२३ साली आलेल्या त्यांच्या बाराव्या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत. पत्रं लिहा, हिशेब मांडा, गाणी ऐका, बिल नाही! दुकान आहे, पण गल्ला नाही. फक्त एका कोपऱ्यात नम्र विनंती : आपला अभिप्राय लिहा.

आता प्रश्न असा, की जिच्यासाठी दमडी मोजली नाही, त्या वस्तूची तक्रार करायचा मला अधिकार काय? कायद्यानं तर मुळीच नाही. ग्नूच्या परवान्यात मोठ्या अक्षरांत छापलंय, की कसलीही हमी नाही.

आमच्या सौ.चं मत स्पष्ट आहे. "हळदीकुंकवाला मिळालेल्या डब्याचं झाकण बसत नसलं, तर कुणी सांगायला जातं का? पुढच्या वर्षी तो दुसरीला द्यायचा!" मार्ग व्यवहारी खरा, पण त्यानं जगातले न बसणाऱ्या झाकणांचे डबे कमी होत नाहीत, नुसते फिरत राहतात.

बरं, अभिप्राय जमवायचे म्हटलं तरी समाधानी माणूस लिहीतच नाही. आमच्या शाखेतल्या सूचनापेटीतून 'पंखा छान फिरतो' अशी चिठ्ठी कधी निघालेली नाही. पंखा बंद पडला, की पेटीला कंठ फुटतो. डेबियनवाल्यांनी यावर शिरगणती काढली. तुमची परवानगी असेल, तर 'पॉप्युलॅरिटी कॉन्टेस्ट' नावाचं पॅकेज तुमच्याकडे काय काय बसवलंय ते दर आठवड्याला कळवतं. आणि परवानगी विचारताना उत्तर आधीच 'नाही' धरलेलं असतं. केवढी ही सभ्यता! पण शिरगणतीनं डोकी कळतात, डोक्यात काय आहे ते कळत नाही. त्यासाठी शब्दच हवेत. तेही कुठल्या आवृत्तीबद्दल आहेत, हे सांगणारे. आवृत्ती न सांगता केलेली तक्रार म्हणजे तारीख नसलेला चेक. सही कितीही रागानं ठोकलेली असो, वटत नाही.

शब्दांचं वजन किती, हे एक्सझेड नावाच्या पॅकेजनं दाखवलं. फायली दाबून लहान करणारं हे साधन एक गृहस्थ वर्षानुवर्षं फावल्या वेळात, बहुतेक एकट्यानं सांभाळीत होते. २०२२ साली काही जणांनी त्यांच्यामागे टुमणं लावलं : काम फार हळू चाललंय, दुसऱ्याच्या हाती द्या. त्यांतली काही नावं बनावट असावीत, असा आज समज आहे. पुढे मदतीला आलेल्या माणसाकडे किल्ल्या गेल्या, आणि त्यानं घराला गुपचूप चोरदार पाडलं. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला ते सापडलं. कसं? दुसऱ्या यंत्रात शिरताना अर्धा सेकंद जास्त लागत होता! त्यानं बोटं मोडली नाहीत. वेळ मोजला, मूळ शोधलं आणि सगळ्यांना लिहून कळवलं.

म्हणजे गाईचे दात दोघांनीही पाहिले. एकानं 'भिकार गाय' म्हणून गोठेवाल्याला घायकुतीला आणलं. दुसऱ्यानं दात मोजून आकडा सांगितला.

तेव्हा माझ्यापुरता ताळेबंद असा : अभिप्राय हा घेणाऱ्याचा हक्क नव्हे, तो त्याच्या नावे पडलेला हप्ता आहे. दात जरूर मोजावेत. कमी असतील तर किती आणि कुठले, हे नीट लिहावं. आणि रोज दूध पीत असू, तर तेही एका ओळीत कळवावं. नाहीतर देणाऱ्या बिचाऱ्याला समजायचं कसं, की गाय पोचली?